दावणीची गाठ

घोडेगाव, ता. नेवासा
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

रोहिणीताई,

नमस्कार लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला. माझा नंबर तुम्ही ब्लॉक केलात, आणि तुमच्या दादांना बजावलंत की तुझ्या बायकोचं नाव माझ्यापुढे काढू नकोस. मग राहिलं काय, हा कागद. पोस्टमनला काही ब्लॉक करता येत नाही. फाडायचं तर फाडा, पण वाचून फाडा.

भाऊबीजेला तुम्ही आबांच्या पायाला दावं बघितलंत. ओवाळणीचं ताट ओट्यावर आपटलंत आणि साऱ्या आळीला ओरडून सांगितलंत, "माझ्या बापानं जन्मभर जनावरं विकली, आता या बाईनं त्यालाच दावणीला बांधलाय!" तेव्हापासून नळावर मी गेले की बायका गप्प होतात. त्या दिवशी मी काही बोलले नाही, कारण दारात सणाला आलेल्या नणंदेशी भांडायचं नसतं असं मला माहेरी शिकवलंय. आता सण संपला.

हो, बांधलं होतं. का बांधलं ते ऐका. आदल्या शुक्रवारी मी गोठ्यात धार काढत होते. बाजाराचा दिवस. गुरांचे टेम्पो सकाळपासून धडधडत जातात, हंबरणं ऐकू येतं, आणि आबांच्या अंगात वारं शिरतं. तुमच्या वडलांना पोराचं नाव आठवत नाही, जेवलो की नाही ते आठवत नाही, पण शुक्रवार बरोबर कळतो. मी दुधाची किटली घेऊन बाहेर आले तर दार सताड उघडं. धावत हायवेवर गेले. आबा रस्त्याच्या मधोमध उभे, खांद्यावर उपरणं, आणि समोरून येणाऱ्या कंटेनरला काठी दाखवून "हो हो, थांब राजा" म्हणतायत. बैल समजले त्याला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही. खाली उतरून त्यानं मला आईवरून शिवी दिली आणि मी त्याच्या पाया पडले. दुसरं काय करणार होते?

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डिमेन्शिया आहे, बरा होणारा आजार नाही, लक्ष ठेवा. लक्ष ठेवा म्हणे! दोन गायी, डेअरी, रानातला कांदा, चूल, आणि तुमचे दादा ट्रक घेऊन गुजरातला. आले तर महिन्यातून एकदा येतात, बापाच्या उशाशी बसून रडतात आणि परत जातात. लक्ष काय मी खुंटीला टांगून ठेवू?

आणि दावं मी तसंच आवळलं नव्हतं. आधी जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली, मग दावणीची गाठ मारली. ती कितीही ओढली तरी फास बसत नाही. ती गाठ मला आबांनीच शिकवली. लग्न होऊन आले तेव्हा मी कालवडीला भलतीच गाठ मारली होती, ती गुदमरायला लागली. मला वाटलं आता सासरा बापजादे उद्धरणार. पण आबांनी दावं सोडून माझ्या हातात दिलं नि म्हणाले, "अशी न्हाई पोरी. फास बसंल. जनावराला बी जीव अस्तो." मग सावकाश बांधून दाखवली.

ताई, मला भीती वाटते. हायवेची वाटते, विहिरीची वाटते, शुक्रवारची वाटते. तुम्ही मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण सोबत एखादा उपाय पण सांगा. शिव्यांनी आबा जागेवर बसत नाहीत.

जया


घोडेगाव
रविवार, १६ नोव्हेंबर

रोहिणीताई,

उत्तर नाही. बरं.

दावं मी सोडलंय. तुमच्या बोलण्यानं नाही, माझ्याच मनानं. आता दाराला आतून कडी आणि कडीपुढे मी. धार काढायला जाताना आबांना बरोबर नेते आणि गायीपुढे बसवते, म्हणजे ते तिचे दात बघत बसतात.

मदत मागायला मी कुठे कुठे गेले ते ऐका. सरपंच म्हणाले, हा घरातला मामला आहे. शेजारच्या गोजरबाई म्हणाल्या, बाहेरचं असंल, एकदा देवऋषाला दाखव. एका वृद्धाश्रमाचा नंबर मिळाला, त्यांनी आधी गोड बोलून सगळं विचारलं आणि म्हातारा घरातून पळतो म्हटल्यावर फोन ठेवला. माझी सख्खी आई म्हणाली, "सासऱ्याची सेवा पुण्याची असती गं." पुण्य असेल आई, पण झोप कुठून आणू?

आता एक सांगते, ते तुमच्या दादांनाही सांगितलेलं नाही. बुधवारी मी भाकरी करत होते. आबांनी मला ओळखलं नाही. "चोरटे, कुणाच्या घरात शिरलीस" म्हणून माझा अंबाडा धरला आणि डोकं मागं ओढलं. दुखलं हो. माझा हात वर गेला आणि हातात तापलेलं उलथनं होतं. ते मारलं नाही मी. पण मारलं असतं. हात वर जाताना तो माझा राहिला नव्हता, आणि त्या हाताची मला हायवेपेक्षा जास्त भीती वाटली.

मग काय झालं, आबांनी तोच हात धरला. उलथनं खाली पडलं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं आणि खालून माझी बोटं दाबायला लागले. बाजारात आबांसारखे दलाल करतात ना तसं, भाव तोंडानं बोलायचा नाही, कापडाखाली बोटांनी सांगायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी पण दोन बोटं दाबली. आबा हसले. "नवखी हाईस," म्हणाले, "पर दानत बरी हाय." आणि शांतपणे भाकरी खायला बसले. मी चुलीपुढे बसून रडले. तवा जळाला.

गावची आशा वर्कर आहे ना, मोनिका, तिनं परवा माझा चेहरा बघून एक पत्ता दिला. शेजारच्या गावात चर्चच्या हॉलमध्ये सिल्व्हिया नर्सबाई बैठक घेतात. हॉस्पिटलातून रिटायर झाल्यात. घरात दुखणाईत सांभाळणारे लोक तिथं येतात, बोलतात, बाई चार गोष्टी शिकवतात. मी म्हटलं, "मोनिका, मी काही ख्रिश्चन नाही." तर म्हणते, "तिथं दुखण्याची जात विचारत न्हाईत." बैठक शुक्रवारी दुपारी असते. घरी सांभाळणाऱ्यांची बैठक! मग घरी सांभाळणार कोण, ते त्यांना कुणी विचारलं नाही वाटतं.

गोजरबाई बसायला तयार झाल्यात. शुक्रवार आहे, बाजार आहे, माझं मन घेत नाही. पण त्या वर गेलेल्या हाताबद्दल मला कुणाला तरी सांगायचंय, आणि तुम्ही तर बोलत नाही. म्हणून जाणार.

जया


घोडेगाव
शनिवार, २२ नोव्हेंबर, सकाळ

रोहिणीताई,

आबा सापडत नाहीत.

हे पत्र पोचायच्या आधी तुम्हाला कळलेलं असेल. तुमचे दादा भरूचहून निघालेत, तेच फोन करतील. मग मी का लिहितेय? कारण सगळे शोधायला गेलेत आणि मला म्हणाले तू घरात थांब, म्हातारा आपल्या पायानं परत आला तर दारात कुणीतरी पाहिजे. मी दारात बसलेय. काही केलं नाही तर वेड लागेल, म्हणून लिहिते.

काल मी बैठकीला गेले. गोजरबाई ओसरीवर बसल्या होत्या, आबा खाटेवर पडले होते. गोजरबाई म्हणतात, जरा डोळा लागला. त्यांना मी काय बोलू? त्यांचं वय आबांएवढंच आहे. मीच कशी गेले शुक्रवारी? मला माहीत नव्हतं का शुक्रवार?

तिथं गोल करून खुर्च्या मांडल्या होत्या. नेवाशाकडचा एक माणूस होता, बायकोला पॅरालिसिस, तिची वेणी घालताना कशी वाकडी होते ते सांगत होता. दया नावाची मुलगी होती, आईला सांभाळते. मी उलथन्याचं सांगितलं. मला वाटलं आता सगळे तोंड फिरवतील. तर दया म्हणाली, "माझ्या हातात तांब्या होता." बस, एवढंच. सिल्व्हियाबाई म्हणाल्या, "भीती वाटली ना हाताची? ज्याला भीती वाटते तो थांबतो. पण एकट्यानं कायम थांबता येत नाही, म्हणून इथं यायचं." मग तो वेणीवाला काहीतरी बोलला आणि आम्ही सगळे हसलो. ताई, मी हसले. किती दिवसांनी. आणि मी हसत होते तेव्हाच इकडे आबा उंबरा ओलांडत होते.

परत आले तर गोजरबाई ओसरीवर ऊर बडवत होत्या. मी हायवेवर धावले. तिथं काही नव्हतं, रक्त नव्हतं, मी रक्तच शोधत होते. बाजारात गेले तर बाजार उठलेला. शेण, कडबा आणि चहाचे कप. जो भेटेल त्याला विचारलं. "तुमचे सासरे, भीमाशेठ? व्हय, हुते की दुपारी, सौदा करत हुते." मग कुठं गेले? कुणाला माहीत नाही. तिन्हीसांजेपर्यंत सगळ्या विहिरी बघितल्या. पोलिसांत फोटो दिला.

पवारांच्या विहिरीत वाकून बघताना पाणी काळं दिसलं. आणि माझ्या मनात आलं, असतील तर सुटले. ताई, ते सुटले असं नाही आलं. मी सुटले असं आलं. एवढंसं, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. मग मी विहिरीच्या कडेला ओकले.

हे मी तुम्हाला लिहितेय, जिनं मला आळीत कसाईण म्हटलं तिला. लिहून टाकलं. आता काय करायचं ते करा, पण आबा मिळू देत. खंडोबाला बोलले, साईबाबांना बोलले, त्या चर्चमधल्या येशूलाही बोलले. जो ऐकेल तो.

बाहेर गाडी थांबली. बघते.

डेअरीचा दूधवाला होता.

जया


घोडेगाव
मंगळवार, २५ नोव्हेंबर

रोहिणीताई,

आबा तुमच्याकडे आहेत, सुखरूप आहेत, हे तुम्ही दादांना कळवलंत. मला नाही. चालेल. दादांनी सांगितलं तेव्हा गोजरबाईंनी माझ्या तोंडात साखर घातली.

काल गहिनीनाथकाका आले होते, आबांचे बाजारातले जोडीदार. मान वर करेनात. त्यांच्याकडून सगळं कळलं. आबा बाजारात गेले, तुमच्या खर्ड्याच्या व्यापाऱ्यानं नेहमीसारखा हात पुढे केला, आबांनी वर उपरणं टाकलं आणि एका बैलजोडीचा सौदा जुळवून दिला. एक बोट चुकलं नाही. काका म्हणाले, "आमाला वाटलं भीमाशेठ बरा झाला. तोंडाला शब्द न्हाई, पर हात तसाच." बैल टेम्पोत चढले आणि मागोमाग आबाही चढले. कुणी अडवलं नाही, कारण मोठ्या सौद्याला दलाल मालाबरोबर जातो, ही त्यांची रीतच आहे. व्यापारी मोटरसायकलवर पुढे निघून गेला. सकाळी त्यानं बैल उतरवायला फळी लावली तर कडब्यात भीमाशेठ. त्याच व्यापाऱ्यानं तुमचं स्थळ आणलं होतं, म्हणून त्याला घर माहीत, नाहीतर काय झालं असतं ते मी मनातसुद्धा आणत नाही. थंडीत रात्रभर गुरांच्या पायात! एखाद्या बैलानं पाय टाकला असता तर?

दादा म्हणाले, रोहिणी म्हणते आबांना आता परत पाठवणार नाही, मी माणसासारखं सांभाळीन. मी म्हटलं, मला बोलायचंय. तर म्हणतात, तुम्ही दोघी बघा बाई, मला मधे घालू नका. म्हणून हे स्पीडपोस्ट. सही करून घ्या एवढीच विनंती. शुक्रवारच्या आत पोचायला पाहिजे.

माझा राग बाजूला ठेवा. आबा तिथं नवखे आहेत आणि तुमचं घर किल्ल्याच्या अंगाला. तटाकडं जाऊ देऊ नका. ते म्हणतील बाजाराला जायचं, तर नाही म्हणू नका. नाही म्हटलं की चवताळतात. "चला, आधी चहा घेऊ" म्हणा, सिल्व्हियाबाईंनी सांगितलंय, चहा होईपर्यंत बऱ्याचदा विसरतात. दाराला गाईच्या गळ्यातली घंटा बांधा. उपरण्याच्या टोकाला तुमचा फोन नंबर शिवून टाका, उपरणं ते कधी सोडत नाहीत. गल्लीतल्या दोन-तीन घरांना सांगून ठेवा, लाजू नका. मी लाजले, लोकांना वाटलं म्हातारा बरा आहे नि सून वाईट आहे, आणि त्यानंच घात झाला. आणि आधी तुम्ही जेवा, मग त्यांना भरवा. उपाशी माणसाचा हात लवकर उठतो.

अगदीच आवरेनात तर त्यांचं उपरणं दोघांच्या हातांवर टाका आणि हात द्या. बोटं येत नसली तरी चालतं. काकांनी मला एक खूण शिकवली, ती तेवढी करा. शेवटी पंजा पुरता दाबायचा, म्हणजे सौदा ठरला. मग ते निवांत बसतात.

काका म्हणाले, आता साऱ्या बाजाराला ठाऊक झालंय. आबा परत आले तर दर शुक्रवारी सकाळी मी त्यांना काकांकडे आणून सोडायचं. चहाच्या टपरीजवळ बसवतील, येणारा-जाणारा हात देईल, टेम्पोला कुणी हात लावू देणार नाही. दुपारी मी बैठकीहून आले की घेऊन यायचं. एवढे दिवस मी सरपंचापासून वृद्धाश्रमापर्यंत सगळ्यांना विचारलं आणि बाजाराला विचारलंच नाही. बाजाराचीच तर मला भीती होती.

शेवटचं. बांधावंसं वाटलं तर आधी मला फोन करा. कितीही वाजले असले तरी. मी ओरडणार नाही.

जया


खर्डा
शनिवार, २९ नोव्हेंबर

वहिनी,

तुमचं पत्र गुरुवारी आलं. सही केली, पण फोडलं नाही. फ्रिजवर ठेवून दिलं. म्हटलं मला अक्कल शिकवणारी ही कोण.

काल शुक्रवार. सकाळी आबा उठले नि उपरणं खांद्यावर टाकून निघाले. मी म्हटलं, आबा, इथं आज बाजार नाही. त्यांनी मला ढकललं. मी पुन्हा आडवी गेले तर काठी उगारली. घरात माणूस नव्हतं, सासूबाई देवळात. तेवढ्यात दूध उतू गेलं, मी गॅस बंद करायला वळले, आणि मागं बघते तर आबा नाहीत. किल्ल्याच्या तटाशी सापडले वहिनी, अगदी कडेला. खाली वाकून कुणाला तरी हाक मारत होते. मी त्यांना मागून मिठी मारली आणि ओढत आणलं. कसं आणलं ते मला आठवत नाही. त्यांचं कोपर सोललं.

घरात आणलं आणि कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी काढून मी त्यांचा पाय खाटेला बांधला.

मी बांधला. एकावर एक गाठी मारल्या, जेवढ्या मारता येतील तेवढ्या. आबा ओढत होते आणि दोरी रुतत होती. पाय निळा पडायला लागला तेव्हा मी सोडायला गेले तर गाठ सुटेना. नखं तुटली, दात लावले. मी मोठमोठ्यानं रडायला लागले.

आबा ओढायचे थांबले. माझ्या हातांकडे बघत बसले. मग म्हणाले, "अशी न्हाई पोरी. फास बसंल. जनावराला बी जीव अस्तो." माझे हात बाजूला सारले आणि दोन बोटांनी ती गाठ सोडवली. मला वाटलं आता उठून जातील. गेले नाहीत. खांद्यावरचं उपरणं काढून पायाला गुंडाळलं, त्यावर दोरी घेतली आणि स्वतःच्याच पायाला गाठ मारली. सावकाश, मला दिसावी अशी. एकदा ओढून दाखवली. दोरीचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हां. आता धर."

त्यांना माहीत नव्हतं वहिनी, मी कोण ते.

त्यानंतर तुमचं पत्र फोडलं. भाऊबीजेच्या दिवशी मी आळीत जे ओरडले ते सगळं माझ्या कानात वाजत होतं. तुमचा नंबर चालू केलाय. तीनदा लावायला घेतला आणि तीनदा कापला. म्हणून हे लिहून टेम्पोवाल्याच्या हाती देतेय, तो आज घोडेगावला येतोय.

दोरी सोडलीय. दाराला घंटा बांधलीय. आबा माझ्यासमोर बसलेत, उपरण्याखाली त्यांचा हात माझ्या डाव्या हातात आहे आणि उजव्यानं मी लिहितेय. ते मघापासून भाव सांगतायत. मी अजून पंजा दाबलेला नाही, तुम्ही निवांत बसतात लिहिलंत, तरी दाबला की ते उठून मालाबरोबर निघतील असं वाटतंय.

मला फार भीती वाटतेय. लवकर या.

रोहिणी